लाखीसाठी दुसरा कॅमेरा

९ नोव्हेंबर, रविवार
आजपासून चिडायचं नाही. रोज चार ओळी लिहिल्या की राग उतरतो म्हणे. बघू.

सकाळीच चिडलो. माझा दोष नाही. वडिलांना, म्हणजे आप्पांना, लाखीबरोबर फोटो हवाय. लाखी म्हणजे आप्पांची घोडी. दर वर्षी तिला सारंगखेड्याच्या यात्रेत नेतात, मिरवतात, गिऱ्हाईक आलं की नाही म्हणतात आणि परत घेऊन येतात. यंदा म्हणाले, गुडघे गेले, ही शेवटची यात्रा. लाखीला सजवलं की तिच्याबरोबर माझा एक फोटो काढ, ओसरीत लावू. आप्पांनी जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. ताबडतोब डीएसएलआर काढला, रिहर्सल म्हणून. तर शटर खाटकन वाजलं की लाखी पाठ फिरवते! सगळ्या फोटोंत शेपूट. एकात आप्पा आणि शेपूट.

चेतना म्हणाली, मी मोबाइलवर काढते ना. घरात डीएसएलआर असताना बायको मोबाइलवर फोटो काढणार? कारखान्यातलं अख्खं अकाउंट्स मला फोटोग्राफर म्हणून ओळखतं. तिला बजावलं, आप्पांच्या फोटोला कुणी मोबाइल लावला तर माझ्याशी गाठ आहे. हे अगदी शांतपणे बजावलं. शेजारच्या शोभाबाई उगाच दारात आल्या.

निष्कर्ष: डीएसएलआरला जोड म्हणून एक दर्जेदार, खिशात मावणारा कॉम्पॅक्ट कॅमेरा हवा. बिनआवाजाचा.

१२ नोव्हेंबर
यूट्यूबवर रिव्ह्यू पाहिले. एक म्हणतो सेन्सर मोठा हवा. दुसरा म्हणतो झूम मोठा हवा. तिसरा म्हणतो दोन्ही हवं तर खिसा मोठा हवा, आणि दात काढतो. त्याला कमेंटमध्ये चांगलं झापलं. त्याने त्यावर बदाम टाकला. डोकं उठलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
शहादा. अभिनंदनचं दुकान. त्याचे आजोबा छगनलालशेठ राजस्थानातून आले आणि इथे फोटो स्टुडिओ काढला. नातू मोबाइलची कव्हरं विकतो. कॉम्पॅक्ट म्हटल्यावर म्हणतो, आता कोण घेतं हो. मग आतून दोन काढले. एक मोठ्या झूमचा. दुसऱ्याला झूम बेताचा, पण सेन्सर मोठा, लेन्स भारी. मागचं सगळं ब्लर होतं, असं की बघत राहावं.

अभिनंदन म्हणाला, नवनीतभाऊ, तुमच्या कामाला पहिला बरा, माणूस आणि घोडी दोन्ही स्पष्ट येतील. म्हणजे आता दुकानदार मला फोटोग्राफी शिकवणार! मी म्हटलं, ज्याला बॅकग्राउंड ब्लर करता येत नाही त्याने स्वतःला कॅमेरा म्हणवून घेऊ नये. काउंटरवर हात आपटला. भिंतीवरची छगनलालशेठांची तसबीर वाकडी झाली. काही न घेता बाहेर पडलो. स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही?

२३ नोव्हेंबर, रविवार
ब्लरवाला घेतला. अभिनंदनकडूनच. दुसरीकडे कुठे मिळतच नाही, त्याला मी काय करू? तो हसला नाही. हसला असता तर परवडलं असतं.

३० नोव्हेंबर, रविवार
विजय! कॉम्पॅक्टचा आवाज शून्य. भिंतीवर नेम धरून दहादा बटण दाबलं, लाखी पाठ फिरवत नाही. कान टवकारून सरळ माझ्याकडे बघत होती. आप्पा शेजारी उभे, ऊन कोवळं. चेतना म्हणाली, आता आहेत ना दोघं समोर, काढून टाका. हिला काय कळतं! पाठीवर झूल नाही, कपाळाला गोंडा नाही, आप्पांच्या अंगात बनियन. मी म्हटलं, फोटो यात्रेतच निघेल. ती म्हणाली, यात्रेत तुम्ही भांडत बसाल. यावरून भांडलो.

आप्पा बिचारे तेवढा वेळ उभेच होते. मग लाखीला पाणी पाजायला घेऊन गेले.

४ डिसेंबर, दत्तजयंती
सारंगखेडा. माणसांवर माणसं. डोळ्यांत धूळ. लाखी सजली की नवरी दिसते. आप्पांनी धुवट धोतर नेसलं, फेटा बांधला आणि लगाम धरून उभे राहिले. ऊन डोक्यावर, त्यामुळे नाकाची सावली मिशीवर. मी म्हटलं, संध्याकाळी. संध्याकाळी बॅटरी संपली. कारखानदार लोक अशा बॅटऱ्या बनवतात आणि रात्री झोप तरी कशी लागते यांना? आप्पा म्हणाले, उद्या काढ. फेटा काढून नीट घडी करून ठेवला.

चिडलो नाही. म्हणजे माणसांवर नाही.

५ डिसेंबर, दुपारी
आज इतिहास घडला. आप्पांचा फोटो दुपारनंतर, ऊन उतरलं की.

इथे घोड्यांचा सौदा तोंडाने होत नाही. दोघं उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं धरून भाव सांगतात. आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. मला त्या हातांचा फोटो हवा होता. कॅमेरा जवळ नेला की जो तो अंगावर येतो. एकाने तर माझ्या बापाचं नाव विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं.

मग डोक्यात आलं, आपलाच एक हात उपरण्याखाली, दुसऱ्या हातात कॉम्पॅक्ट! डीएसएलआरने हे जन्मात जमणार नाही. जोड म्हणतात ती हीच. खेतियाचा व्यापारी करमसिंग लाखीभोवती घुटमळतच होता. आप्पा चहाला गेले होते. मी हात पुढे केला. त्याने विचारलं, तुझीच ना घोडी? मी म्हटलं, घरचीच. त्याने उपरणं टाकलं आणि माझी बोटं धरली. उपरणं घसरायला लागलं म्हणून मी त्याचा हात गच्च दाबून धरला. क्लिक! मागे लाखी, पुढे उपरणं, एकेक धागा मोजून घ्यावा.

करमसिंग इतका खूश झाला की माझ्या खिशात नोटा कोंबून गेला. आमच्या जिल्ह्यात कलेची कदर नाही असं कोण म्हणतं?

५ डिसेंबर, संध्याकाळी
त्या नोटा म्हणजे इसार होता, सौदा पक्का केल्याचा.

उपरण्याखाली समोरच्याचा हात उलट दाबला म्हणजे घोडी दिली. हे आप्पांनी मला सांगितलं. खुंट्यापाशी उभं राहून, रिकामी झूल हातात घेऊन. लाखीला करमसिंगची माणसं घेऊन गेली होती.

मी पेटलो. चला म्हटलं, नोटा तोंडावर फेकतो, पोलिसांत जातो, फसवणूक आहे ही. वरून माझ्या हातात कॅमेरा होता, डोळे स्क्रीनवर होते, हा काय सौदा झाला? आप्पांनी मला बोलू दिलं. चार माणसं जमली होती. मग ते हळूच म्हणाले, "हात दिन्हा ना तू? आपला घरना हात शे तो. मांगे लेवानं नही."

मला म्हणाले, गाडी काढ, घरी जाऊ. फेटा दिवसभर घडीतच राहिला.

६ डिसेंबर
चूक अभिनंदनची. झूमवालाच घ्या असं ठासून सांगायला नको? नुसतं बरा म्हणाला.

७ डिसेंबर, रविवार
चूक चेतनाची. मोबाइल होता ना तिच्याकडे! मी नाही म्हटलं म्हणून काय झालं? हे तिला म्हणालो. ती उठून लाखीची रिकामी बादली पालथी घालून आली.

१४ डिसेंबर, रविवार
दोन्ही कॅमेरे शोधले. सगळी कार्डं शोधली. लाखीची शेपटं सोडून एकच फोटो आहे. तो उपरण्याचा. अभिनंदनकडून मोठा करून फ्रेम करून आणला. त्याने माझ्याशी भांडण काढलं नाही, मीही काढलं नाही.

आप्पांनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला. विचारलं, "यामा लाखी कोठे शे?"

मी उपरण्याच्या मागे बोट ठेवलं. तिथे एक तांबूस डाग आहे. मऊ. भारी लेन्सचा.

आप्पांनी मान हलवली. ओसरीत खिळा होताच, त्यावर स्वतःच्या हाताने फोटो लावला. बराच वेळ बघत राहिले. मग चेतनाला हाक मारली, "काच पुशी दे वं जरा. धूळ बसेल शे."

चेतनाने पदराने काच पुसली. दोनदा पुसली. आप्पा पुन्हा जवळ जाऊन बघायला लागले.

मी आत आलो.