नागोजी मळा विकणे नाही

प्रिय अण्णा,

‘झालं का एकदाचं?’ एवढंच तू विचारलंस. झालं. आता कुठल्याही फोनवर नुसतं नागोजीमळा डॉट कॉम लिहिलं की आपला तांदूळ दिसतो. नावाच्या पुढं काही लावावं लागत नाही, मागं काही चिकटवावं लागत नाही. पण तुला वाटतं तसं ते अर्ध्या तासाचं काम नव्हतं. तू पुण्यात बसून जोडणीचे आकडे पाठवलेस, इथं ते आकडे आप्पांच्या पंचांगातून पार व्हायचे होते.

पहिल्यापासून सांगते. तू तुझ्या वेबसाइटच्या पोटात आपल्या तांदळाचं पान काढून दिलंस, तोवर सगळं सुरळीत होतं. मग या मे महिन्यात तू आप्पांना विचारलंस, मळ्याचा वरचा तुकडा विकून पुण्यात फ्लॅट घेऊया का. तेव्हापासून आप्पा तुझ्याशी बोलत नाहीत. आणि बोलायचं नाही म्हटल्यावर तुझ्या पत्त्यावर राहायचं तरी कसं? “दुसऱ्याच्या वळचणीला माझा तांदूळ कशाला?” म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, दुसरा कोण, अण्णा आहे तो. तर म्हणाले, “मी वळचणीचं बोलतोय.”

त्यात तूही कळवलंस की तुझी जुनी साइट बंद होणार, महिनाअखेरीपर्यंत आपलं पान हलवा. सुगीनंतरचा निम्मा तांदूळ त्या पानावरून जातो, त्यामुळं घाई होतीच. पण खरं सांगू? मला तांदळाची एवढी काळजी नव्हती. त्या पानापुरता तरी तुमचा दोघांचा काही संबंध उरला होता. ते निघालं की तुम्हा दोघांना एकमेकांचं नाव काढायला कारणच उरणार नाही, ही भीती वाटत होती. मी मेली दोघांच्या मध्ये टपाल खातं चालवते आहे, पण टपालच नसेल तर खातं कशाला?

तर अनंत चतुर्दशीला नाव घेतलं. आप्पांनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, त्यातलं थोडं कुंकू अजून एका बटणाखाली आहे. नाव मिळालं, मी म्हटलं आता लगेच त्याला तांदळाचं नवं पान जोडून टाकते. तर म्हणाले, “थांब गं. पक्ष लागतोय. पक्षात नवं काय करायचं न्हाय.” मी म्हटलं, घेतलं की आत्ताच! “घेतलं ते बारसं झालं. चालायला घटस्थापनेला लावू.” झालं, पंधरा दिवस नाव रिकामं पडून राहिलं. आप्पा मात्र थांबले नाहीत. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर मोठ्या अक्षरांत नाव रंगवून घेतलं आणि देवळात, दूध डेअरीत, पिठाच्या गिरणीत सांगून आले.

आता रिकाम्या नावावर काय असतं हे तुला माहीत आहे, मला नव्हतं. ज्या कंपनीकडून नाव घ्यावं ती तिथं आपलीच पाटी लावून ठेवते. वर आपलं नाव आणि खाली ‘फॉर सेल’. बेळगावपासून आपल्या वेशीपर्यंत दर दुसऱ्या शेतात ती पाटी उभी आहे, त्यामुळं एरवी ज्याला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही त्यालाही एवढं वाचता येतं.

नेमका त्याच पक्षात नागोजी पणजोबांचा म्हाळ. सगळी भावकी आपल्या सोप्यात पंगतीला बसलेली. शामूनं कौतुकानं फोन काढला, आप्पांकडं बघत म्हणाला बघूया तरी जोतिबाकाकांची वेबसाइट. आणि ज्याच्या नावानं खीर-वडे खात होतो, त्याचाच मळा विक्रीला काढलेला! फोन या हातातून त्या हातात फिरला. भरमूकाकांनी हातातला वडा परत पानात ठेवला. त्यांना वडा परत ठेवताना जन्मात पहिल्यांदा पाहिलं मी. “जोतिबा, कुणाला इचारून इकायला काढलास रं?” मी जीव तोडून सांगत होते की ही जमीन नव्हे, हे नाव आहे, आणि नावसुद्धा विकायचं नाही, पाटी कंपनीची आहे. कोण ऐकतंय! काकू म्हणाली, पाटी कंपनीची म्हणजे कंपनीनं घेतला की काय गं मळा? सगळ्यात जोरात ‘आम्ही विकू देणार न्हाय’ म्हणणाऱ्यांतल्याच दोघांनी नंतर मला हात धुवायच्या जागी गाठून हळूच विचारलं, दर काय धरलाय?

घटस्थापनेला नारळ फोडून जोडणी केली. तेही फसलं, कारण घाईत मी फक्त तीन डब्ल्यूवालं नाव जोडलं. तीन डब्ल्यू लावले की तांदूळ, नुसतं नाव लिहिलं की फॉर सेल, आणि ट्रॉलीवर तर नुसतंच नाव! मी म्हटलं आप्पा, फळीवर पुढं तीन अक्षरं रंगवून घेऊया. “आमच्या नावापुढं कुणी कधी श्री लावलं न्हाय, आणि ह्ये तिघं कोण? भावकीत तर न्हाईत.” मग तू नुसत्या नावासाठी तो वेगळा आकडा पाठवलास, तो भरला. तू बजावलं होतंस की सगळीकडं पोचायला वेळ लागेल. पण तो कसा लागेल ते सांगितलं नव्हतंस. ज्यांचा फोन हद्दीपलीकडच्या शिनोळीचा टॉवर पकडतो त्यांना तांदूळ दिसायला लागला आणि बेळगावच्या टॉवरवाल्यांचा मळा अजून विक्रीलाच. म्हणजे सीमाप्रश्न थेट आपल्या सोप्यात! भरमूकाका शामूच्या गाडीवर बसून हद्द ओलांडून गेले, महाराष्ट्रात उभं राहून तांदूळ बघून आले, तेव्हा कुठं घरी येऊन चहा घेतला. दसऱ्यापर्यंत इकडंही दिसायला लागला. आप्पांनी लॅपटॉपलाही सोनं दिलं.

आता ज्यासाठी कागद घेऊन बसले ते लिहिते. म्हाळाच्या दिवशीची एक गोष्ट मी वर गाळली. तो फोन फिरत असताना भरमूकाका म्हणाले, “ह्ये तुझ्या पुण्याच्या पोराचं काम. त्यानंच काढलाय इकायला.” मे महिन्यातलं सगळ्यांना माहीत होतं. मी वाढता वाढता थांबले. आप्पा भरल्या पानावरून उठले. पितरांच्या पानावरून उठू नये म्हणून आयुष्यभर आम्हाला दटावणारे आप्पा. म्हणाले, “भरमूअण्णा, ज्याला इकायचं असतं त्यो इचारत न्हाय. माझ्या पोरानं मला इचारलं. मी न्हाय म्हटलं, त्यानं ऐकलं. परत त्येचं नाव घ्यायचं न्हाय.” एवढं बोलून परत बसले आणि खीर मागितली. मी आत जाऊन रडले, अण्णा. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘बरं’ म्हणून विषय तांदळाकडं नेला असतास, तूही शेवटी त्यांचाच. ते हे तुला कधी सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिलं. जुनं पान खुशाल काढून टाक. पुढच्या महिन्यात वरच्या तुकड्यातलं भात कापायला येईल, तेव्हा तू ये. तू येणार असशील तर कापणी कधी धरायची, असं आप्पांनी काल मला विचारलं आहे.

तुझीच,
पूर्णी