सोफ्याच्या रंगाचा कुत्रा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सोफ्यांना आणि खुर्च्यांना गाद्या-कापड चढवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने सांगून लिहून घेत आहे. येत्या मंगळवारी माझ्या खुब्याचे ऑपरेशन आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण हे वाचल्यावर माझे चिरंजीव पहिली शंका तीच काढतील. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे, असे वकीलही म्हणाले. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात सगळे चिरंजीवांना दिले होते, ते मी रद्द करते.

१. मिळकत म्हणजे खाली दुकान आणि वर राहत्या तीन खोल्या. पती वारल्यानंतर हे सर्व मी खिळे ठोकून कमावले. वाडवडिलांचा त्यात एक खिळासुद्धा नाही, त्यामुळे जन्माला आला एवढ्यावरून त्यावर कोणाचा हक्क पोचत नाही.

२. ही मिळकत कोणाला, हे सांगण्याआधी कुत्र्याचे सांगावे लागेल. वकिलांचे म्हणणे, मृत्युपत्रात एवढा इतिहास लागत नाही. मी म्हटले, फी मी देते आहे, लिहा.

सात वर्षांपूर्वी सूनबाईंनी नवा सोफा करून घेतला, अर्थात माझ्याकडून आणि अर्थात फुकट. कापड बदामी, मखमली. मग त्यावर बसायला त्यांना कुत्रा हवा झाला. तोही साधासुधा नाही, अस्सल जातीचा, चपट्या तोंडाचा. माझ्या दुकानातून त्या कापडाचा तुकडा कापून नेला आणि कुत्रे विकणाऱ्याच्या घरी एकेका पिल्लाच्या पाठीवर लावून पाहिला. रंग जुळवायची ही पद्धत आमच्या धंद्यातली. जीव निवडायला ती वापरणारे आमचे घर पहिलेच असावे.

मी सोबत होते. कोणतीही खुर्ची दुरुस्तीला घेताना मी ती आधी उलटी करते, खालचे अस्तर फाडून आतली चौकट बघते आणि मगच बोलते. त्या सवयीने विक्रेत्याला म्हटले, "पिल्लाची आई दाखवा."

"आई बाहेरगावी गेलीय."

"कुत्री? बाहेरगावी?"

"आई, तू जरा गप्प बसशील का?" चिरंजीव दात आवळून म्हणाले. "ते मोठे लोक आहेत."

मोठ्या लोकांनी वंशावळीचा कागद पुढे केला. स्वतःच्या पणजोबांचे नाव विचारले तर चिरंजीव छताकडे बघतात, पण घरी पोचेपर्यंत कुत्र्याचे खापरपणजोबा त्यांना तोंडपाठ झाले होते.

३. पिल्लाची किंमत मी इथे लिहीत नाही, लाज वाटते. जवळचे पैसे पुरले नाहीत तेव्हा, मी आजारी बहिणीकडे गेलेली असताना, चिरंजीवांनी दुकानातले माझे चामडे शिवायचे मशीन विकले. मी परत आले तर फरशीवर मशीनच्या पायांचे डाग तेवढे उरले होते. "हल्ली चामड्याचं काम येतंच कुठे, आई?" येत होते. मशीन गेल्यावर यायचे थांबले. हे मी माफ केलेले नाही आणि माझ्या पश्चात कोणी माझ्या वतीने करू नये.

४. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे मोती घेतला आणि नाकच नव्हते. श्वास घेता यावा म्हणून नाकाचे ऑपरेशन. तोंडावरच्या घड्यांत जखमा होतात म्हणून रोजचे मलम. डोळ्यांत थेंब. पोटाला फक्त डबाबंद खुराक, दुसरे काही खाल्ले की गालिचा धुवायला काढावा लागतो. उन्हाळ्यात गार हवा नसेल तर जीव जाईल म्हणून एसी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला एक वेळ परवडतो, इथे कोंबडीच बारा आण्यांची होती. दोन वर्षांत चिरंजीव खर्चाने टेकीला आले. त्यातच सूनबाईंनी सोफ्याचे कापड बदलून निळे केले, आणि निळ्यावर बदामी केस दिसतात. "आई, दोनच आठवडे ठेव," म्हणून कुत्रा माझ्या दारात सोडून गेले. त्याला पाच वर्षे झाली. सोबत सोडलेल्या वंशावळीच्या कागदावर त्याचे नाव हातभर लांब आहे. मी त्याला साहेब म्हणते, कारण तो काम करत नाही आणि खर्च करतो.

५. सर्वांनी नोंद घ्यावी की मला कुत्रे आवडत नाहीत. साहेब घोरतो, पादतो आणि गिऱ्हाइकांच्या चपला चावतो. माझ्या मोतीबिंदूसाठी ठेवलेल्या पैशांत त्याच्या टाळ्याचे ऑपरेशन झाले, त्यामुळे हल्ली सुईत दोरा दुकानात मदतीला येणारी माझी पुतणी ओवून देते. सपाट झोपला की त्याचा श्वास अडकतो. म्हणून मी त्याला हनुवटी टेकवायला उशी करून दिली. आत काथ्या, वर कापूस, आणि उंची जमेपर्यंत पुन्हा पुन्हा उसवली. इतकी मेहनत मी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकासाठी केलेली नाही. घरात आलेल्या जिवाचा श्वास चालला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे. याला कोणी प्रेम वगैरे म्हणू नये.

६. या हिवाळ्यात साहेबाचे दात काढावे लागले. चिरंजीवांना फोन केला, तर म्हणाले, "त्याचं आता वय झालं, आई. कशाला खर्च करत बसतेस? इंजेक्शन देऊन झोपवून टाक." मी फोन ठेवला.

गेल्या महिन्यात मी जिन्यात पडले. खुबा आधीच झिजलेला होता. इस्पितळात सांगितले, सांधा बदलावा लागेल. चिरंजीव आले, आणि पडद्यापलीकडे डॉक्टरांशी हलक्या आवाजात बोलले.

"ह्या वयात एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का, डॉक्टर?"

"त्या तुमच्या आई आहेत ना?"

"हो, म्हणून तर विचारतोय."

मी अलीकडे जागी होते. खुबा झिजला म्हणून कान झिजत नाहीत. त्या दिवशी मला फार वाईट वाटले, आणि ते अजून गेलेले नाही.

७. कायद्याने कुत्र्याला वारस करता येत नाही, असे वकील म्हणाले. मी म्हटले, असल्या मुलाला करता येते याचेच नवल आहे. तरी दुकान, खोल्या आणि सर्व हत्यारे मी माझ्या पुतणीला देते. पुतणी आळशी आहे, सोमवारी कधी वेळेवर येत नाही आणि तिच्या तोंडाला कुलूप नाही. पण मी इस्पितळात होते तेव्हा ती साहेबाजवळ झोपली. विचारले तर म्हणाली, "काकू, मी काही त्याचे लाड करत नाही हं. उशी सरकली की तो गुदमरतो, मग उठावं लागतं." मला एवढे पुरे आहे.

अट एकच. साहेब जिवंत असेपर्यंत याच घरात राहील. खर्च वाचवायला त्याला झोपवले, विकले किंवा कोणाला दिले, तर मिळकत बेवारस जनावरांच्या आश्रमाला जाईल. मिळकतीच्या वासाने चिरंजीवांना प्रेमाचा उमाळा आला, तरी कुत्रा त्यांना देऊ नये.

८. चिरंजीवांना वंशावळीचा कागद, सोनेरी चौकटीसह. सूनबाईंना निळ्या कापडाचा उरलेला तुकडा, पुढचा कुत्रा जुळवायला.

९. बँकेतल्या पैशांतून आधी माझे ऑपरेशन व्हावे. त्यात अर्थ आहे की नाही, ते मी ठरवले आहे. उरेल ते साहेबाच्या औषधांना.

१०. मी ऑपरेशनमधून उठले नाही, तर चिरंजीवांना कळवावे. त्यांना शेवटचे बघायचे असेल तर बघू द्यावे, अडवू नये.

उठले, तर मात्र त्यांनी माझे दार वाजवू नये. त्यांचा आवाज कानावर पडला की साहेब अजूनही दाराकडे धावतो, आणि धाप लागून त्याची जीभ निळी पडते. त्याच्या तब्येतीला ते बरे नाही. माझ्याही नाही.

वाचून दाखवले, बरोबर आहे, एक शब्दही कमी करायचा नाही.

सही: दुकानाची मालकीण

साक्षीदार: १. जनावरांची डॉक्टरीण. २. शेजारचा चष्मेवाला. दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली. जिला मिळणार तिची साक्ष चालत नाही, म्हणून पुतणीला साहेबाला फिरवायला पाठवले आहे.

स्थळ: दुकान, कापड बेतायचे टेबल.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार.