एकशे पस्तीसची लेन्स

९ फेब्रुवारी, दुपार

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिला. प्रत्यक्षात वाकलो की कंबर धरते, आणि सध्या तुझ्यापुढे वाकायची इच्छाही नाही. बाकी तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, पण निदान खोटं बोलत नाहीत.

तुझी मुलाखत आलेलं मासिक बेबीनं आणून दिलं. बापाचं कौतुक काकाला दाखवायला मोठ्या हौसेनं आली होती पोर. (पोर म्हणजे काय, तिचेही केस पिकले.) ‘प्रकाश माझ्याशी बोलतो’, असं म्हणालायस. बोलत असेल. तू कधी त्याचं ऐकल्याचं मला आठवत नाही. तुझे निम्मे रोल करपलेले निघायचे. माझ्याबद्दल एकच ओळ आहे, ‘धाकटा भाऊ मदतीला असायचा, स्टँड वगैरे धरायला.’ ते ‘वगैरे’ मी पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्या स्टुडिओच्या पाटीवर ‘बंधू’ असं लिहिलेलं होतं, दादा.

तेही चहाबरोबर गिळलं असतं. पण पान उलटलं, तर शाळेच्या अंगणातला तो फोटो. पानभर. खाली तुझं नाव, आणि तुझे शब्द: ‘पन्नासची लेन्स लावून मी तिच्यासमोर उभा होतो. ती माझ्याकडे बघून हसली आणि मी बटण दाबलं.’ हाच फोटो तुझ्या प्रदर्शनात दाराशी लागणार आहे म्हणे, भिंतीएवढा करून, खाली पुन्हा तुझंच नाव घालून.

तो फोटो मी काढलाय. हे तुला पक्कं माहीत आहे, म्हणून राग जास्त आहे.

विसरला असशील तर आठवण करून देतो. शाळेचे वार्षिक फोटो काढायला आपण गेलो होतो. ऊन कवितेच्या पुस्तकातल्या चित्रासारखं होतं, कोवळं, जरा पिवळट. असं ऊन नंतर मी पाहिलं नाही, की मीच पाहायचं सोडलं कोण जाणे. वर्गांचे गट तू अठ्ठावीसच्या लेन्सनं काढलेस. तिच्यात अख्खा वर्ग मावतो आणि फोकसची फार फिकीर नसते. लेन्सवरचं फोकसचं कडं एकदा जागेवर ठेवलं की पुढचे, मागचे, शिपाई, कुंड्या, सगळे स्वच्छ. तुझ्या स्वभावाला साजेशी लेन्स. गळ्यातल्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर पन्नास, जवळ उभं राहून काढायची. आणि एकशे पस्तीस माझ्याकडे, कारण तू तिला हात लावायचा नाहीस.

‘या बयेचे नखरे कोण सांभाळणार?’ म्हणायचास. नखरे होतेच. लांबून माणसाला जवळ ओढून आणायची, पण डोळ्यावर फोकस धरला तर कान पुसट, कानावर धरला तर डोळा गेला. कडं केसभर हललं की माणूस धुक्यात. मी ते फिरवताना मनात कविता म्हणायचो, शाळेत बाकावर ताल धरून म्हणायचो तशीच. ओळीच्या मध्ये यती आला, श्वास थांबला, की बटण. त्यावरही तू गिऱ्हाइकांसमोर माझी टर उडवायचास: ‘याची कविता संपेपर्यंत नवरदेवाला नातू होईल!’

मधल्या सुट्टीत भाषेच्या बाई पाण्याच्या टाकीपुढे उभ्या होत्या. तू पुढे झालास.

‘बाई, कविता पाठ नसली की काय शिक्षा?’

‘वर्गाबाहेर उभं राहायचं.’

‘बाहेरच उभा आहे की! आत कधी घेताय?’

हे मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. त्या वहिनी होऊन आपल्या घरी आल्यावर त्यांनीच सांगितलं, भाजी निवडता निवडता, पुन्हा तशाच हसून. मी तेव्हा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होतो, डोळा कॅमेऱ्याला लावून. तिथे माझं काय काम होतं, हे तू तेव्हा विचारलं नाहीस. आता विचारू नकोस.

तुला पुरावाच हवा असेल तर टाकी बघ. पन्नासनं समोरून काढला असता तर टाकी मागे इवलीशी दिसली असती. फोटोत ती वहिनींच्या खांद्यावर चंद्र उगवावा तशी टेकली आहे. मागचं पुढे आणून ठेवायची ही खोड एकशे पस्तीसची. तुझ्या पन्नासनं काय टिपलं होतं तेही सांगतो, कारण तो रोल मीच धुतला. टाकीवरचा गंज लख्ख आणि बाई पुसट. फोकस जुळवून मग विनोद केलास, त्या हसताना पुढे झुकल्या, आणि तू कडं फिरवलंच नाहीस. अंधाऱ्या खोलीत ओला कागद हातात धरून म्हणालास, ‘जाऊ दे, तुझा आलाय ना?’

म्हणाला होतास, दादा.

आणि डावीकडचा तो काळपट ढग, जो आपण छापताना नेहमी कापायचो आणि मासिकातही कापलाय, तो ढग म्हणजे तुझं कोपर आहे. फोटोत ज्याचं कोपर आहे त्यानंच तो काढला म्हणे! प्रकाशानं सांगितलं असेल तुला.

काल बेबी निगेटिव्ह न्यायला आली. खिडकीशी धरून तिला सगळं दाखवलं. भिंगातून तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘काका, फोटो तुमचा, हे पटलं. पण मग आई हसतेय ती तुमच्याकडे बघून?’

हो म्हणायला काय लागत होतं? वहिनींना जाऊन वर्ष होत आलं. नाही म्हणायला कोण उठून येणार होतं? माझी जीभ तयारही झाली होती.

‘नजर बघ,’ म्हटलं. ‘लेन्सच्या बाजूनं जाते. ज्याचं कोपर, त्याच्याकडे.’

तिनं निगेटिव्ह पाकिटात घातलं, आणि दाराशी जाऊन म्हणाली, ‘काका, तुम्ही केवढ्या लांब उभे होतात.’

तू असं का छापून आणलंस तेही मला कळतं. फोटो तुझा ठरला की वहिनी तुझ्या कॅमेऱ्याकडे बघून हसल्या असं होतं, आणि मधे कुणी उरत नाही. पण संसार तुझा झाला, लेक तुझी, वहिनींचं म्हातारपणही तुझ्या वाट्याला आलं. त्या एका बटणाएवढी जागा माझी होती. तिथेही येऊन बसलास?

तेव्हा कोपर कापायचं नाही, असं बेबीला बजावलंय. खाली माझं नाव लागेल. ते लागलं नाही, तर मासिकाला सविस्तर पत्र जाईल. उद्घाटनाला मी येणार नाही. तू मात्र दाराशी उभा राहा आणि आल्यागेल्याला सांग, ‘ती माझ्याकडे बघून हसली.’ खरंच आहे ते. पण ते सिद्ध करायला तुझ्याकडे माझ्या फोटोवाचून दुसरं काहीही नाही.

नाइलाजानं तुझाच,
धाकटा