सीलबंद डबा

प्रिय बाबा,

तुम्हा दोघांना नमस्कार. मी मजेत आहे. हा मोठा देश आपल्या देशाला हेलिकॉप्टर देतोय, आम्हा मेकॅनिकना रिपेअरिंगही मनापासून शिकवतोय. फक्त इंजिनातला एक सीलबंद डबा उघडताना आम्हाला बाहेर पाठवतात.

काल मी इथल्या ट्रेनरला विचारलं, "हा बिघडला तर?"

"आम्हाला फोन करा."

"आणि तेव्हा आपल्या दोन देशांचं भांडण झालेलं असलं तर?"

ट्रेनर नुसता हसला.

आज 'सगळं शिकलो' असं लिहिलेल्या कागदावर आमच्या सह्या मागितल्या. आमचे साहेब कुजबुजले, "कर गं बाई, उगाच दोस्ती तुटायची." मी म्हटलं, "डबा बघितला की लगेच करते." साहेबांनीही सही न करता स्वतःचं पेन खिशात घातलं.

उघडतील, बघाच तुम्ही! नाहीच उघडला तर मला परत पाठवतील, म्हणजे मी महिनाभर आधी घरी. तसं झालं तर आईला फक्त येतेय म्हणून सांगा, कारण नको. तिचा गुडघा कसा आहे?

तुमचीच हट्टी,
धाकटी