कमलमावशीचा चहा

वाडी, ता. सोनपेठ
दि. २० जुलै

चि. नीलम हिस अ. उ. आ. आणि जयभीम.

इकडे आम्ही खुशाल. तुला वकील केलं त्याचा उपयोग करायची वेळ आली आहे. पंचायत समितीच्या नव्या रचनेत आपली वाडी थोरल्या गावापासून तोडून नदीपलीकडच्या गणात, म्हणजे मतदारसंघात, घातली. आपला दवाखाना, शाळा, रस्ता सगळं थोरल्या गावाशी जोडलेलं. पलीकडे आपल्या मूठभर मतांना कोण विचारणार?

हरकत घेतली, तहसीलचे साहेब पाहणीला आले. मी त्यांना नदीची अडचण समजावून सांगत होतो. पण घरात दूध नव्हतं आणि पाहुण्याला कोरड्या तोंडानं पाठवायचं नाही, म्हणून तुझ्या आईनं त्यांना बंधाऱ्यावरून चालवत थेट पलीकडच्या कमलमावशीकडे चहाला नेलं! वर सांगितलं की, लय जवळ हाय, आमी रोजच जातो. साहेबांनी तेच लिहिलं, हरकत फेटाळली गेली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. चहा मात्र घेतला.

काहीतरी कर. आमच्यावरचा लोभ आता कोर्टातही दिसू दे.

तुझा आबा,
सिताराम

संभाजीनगर
दि. ३ सप्टेंबर

ती. आबांस सविनय जयभीम, वि. वि.

खंडपीठात आपली याचिका ऐकली गेली. सरकारी वकिलांनी साहेबांच्या अहवालातला आईचा चहा वाचून दाखवला, सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली जातो, हे न्यायमूर्तींना पटलं. त्यांनी हद्द बदलली नाही. पुन्हा पाहणी करून हरकत नव्यानं ऐका, असा आदेश दिला.

साहेब आले की आईला गप्प बसवू नका. उलट तिनं त्यांना पुन्हा मावशीकडे चहाला न्यावं. तब्येतीला जपा, लेकीची आठवण ठेवा.

आपली,
नीलम

वाडी
दि. ९ फेब्रुवारी

चि. नीलम हिस अ. उ. आ.

पाहणीच्या दिवशी पुरात बंधारा दिसतच नव्हता. साहेब सोनपेठच्या पुलावरून फेरा घालून चिखलात गाडी ढकलत मावशीकडे पोहोचले. त्या फेऱ्यानं आपलं काम केलं, वाडी थोरल्या गावाच्या गणात परत आली, हे तुला ठाऊकच आहे. परवा आम्ही थोरल्या गावात मत दिलं. वाडीचे सगळे एका रांगेत बघून मला भरून आलं.

पण कमलमावशी रुसली होती. आमच्यासंगं नको म्हणून हायकोर्टात गेलात, असं तिचं म्हणणं. तुझी आई महिनोन्‌महिने झुरली. शेवटी मत दिल्यावर बोटाची शाई घेऊन तशीच बंधारा ओलांडून गेली. मावशीनं दारातच विचारलं, एवढं लांब हाय म्हणता, मग आलीस कशी? आणि चुलीवर आधण ठेवलं.

तुझी आई आता रोज जायली आहे. हे तेवढं कोर्टाला कळवू नकोस. माया आहेच, ती वाढव.

तुझा आबा