कडी बघितलीस का?

९ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अ. आ.

तुझी खुशाली कळली. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण ठीक काही नाही. तुझ्या त्या जमीनमोजणीच्या तळावर फोन लागत नाही आणि टपालाची जीप आठवड्यातून एकदा, म्हणून सगळं एकदमच सांगते. वाचता वाचता डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

परवा घरच्या कॉम्प्युटरवर आपल्या शिवणाच्या दुकानासाठी अस्तराच्या कापडाचे नमुने बघत बसले होते. एकाएकी पडदाभर लाल चौकट आली आणि भोंगा वाजायला लागला. तुमच्या संगणकात व्हायरस शिरलाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा, म्हणे. माझी तर पाचावर धारण बसली. फोन केला नाही, तेवढी अक्कल होती. सरळ प्लगच उपटला. मग दहा जणांना विचारून एक अँटिव्हायरस आणून टाकलं. पण आपल्या घरचा कायदा तुला माहीतच आहे. एकाने दार लावायचं, दुसऱ्याने कडी हलवून बघायची, तोवर दार लागलं असं धरायचंच नाही. म्हणून दुसरा हात लावायला शेजारच्या चष्मेवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी त्यांच्याकडचं आणखी एक अँटिव्हायरस टाकून दिलं. दोन पहारेकरी असलेले बरे, म्हणाले.

बरं कसलं डोंबलाचं! ते दोघे एकमेकांनाच चोर समजून भांडतायत आणि कॉम्प्युटर नुसता कण्हतोय. त्याचंही काही नाही रे. पण काल बाबा कळा दाबायला बसले आणि आवाजच येईना. तू केलेला बोलका प्रोग्राम जागेवरच नाही. घशाच्या ऑपरेशनपासून बाबांचा आवाज म्हणजे तोच ना? एक कळ दाबली की चहा टाक, दुसरी दाबली की ठमे किती बडबडतेस, आणि सगळं त्यांच्याच खणखणीत आवाजात. आता ते कळ दाबतात, थांबतात, आणि माझ्याकडे बघतात. मला ते बघवत नाही. काय करू ते पहिल्या जीपने कळव.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी पाणी पी. ती लाल चौकट निव्वळ थाप होती, घाबरवून फोन करायला लावणारी. प्लग उपटलास ते झकास केलंस. त्यापुढे मात्र कमाल केलीत तुम्ही! दाराला दोन कड्या चालतात, एका कॉम्प्युटरवर दोन अँटिव्हायरस चालत नाहीत. एकच ठेवायचं, ते वेळच्या वेळी अपडेट करायचं, बस्स.

बाबांचा प्रोग्राम गेलेला नाही, पकडलेला आहे. बाबा कोणती कळ दाबतात यावर तो सारखी नजर ठेवतो. पासवर्ड चोरणारे व्हायरसही हेच करतात. शिवाय तो माझ्या हातचा, जगात कुणी त्याला ओळखत नाही. तू आणलेल्या अँटिव्हायरसने त्याला संशयित म्हणून क्वारंटाइनमध्ये डांबलं असणार. ते उघड, यादीत तो दिसेल, त्याला परत जागेवर आण आणि हा आमचा माणूस आहे असं सांग. मग काकांचंच तेवढं काढून टाक.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. तू आणलेलं काढू नकोस. ते काढलंस तर त्याच्या कोठडीत जे असेल तेही जाईल. ऑपरेशनच्या आधी बाबांना बसवून, त्यांच्या शिव्या खात, मी जी वाक्यं रेकॉर्ड केली ती सगळी त्या प्रोग्रामच्या पोटातच आहेत. माझ्याकडची प्रत इथल्या धुळीने लॅपटॉप खाल्ला तेव्हाच गेली. दुसरी प्रत काढून ठेवू ठेवू म्हणत राहिलो. बाबांना सांग, दोन दिवस कळ काढा.

लोभ आहेच, तो वाढता राहो.
तुझा,
गुंड्या

२३ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अ. आ.

तुझं पत्र आज हातात पडलं, पण उशिरा.

परवाच मी माझं ते काढून टाकलं रे. काकांचं म्हणणं पडलं की माझंच नवखं आहे, तेच घोळ घालतंय. मलाही पटलं. काढताना त्याने विचारलं, क्वारंटाइनमधल्या धोकादायक फायली कायमच्या पुसू का? आता धोकादायक पुसू का म्हटल्यावर नको कोण म्हणेल? तरी मी लगेच बटण दाबलं नाही. काकांना म्हटलं, तुम्ही एकदा बघा. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, म्हणाले, दाब. दोघांनी बघून, खात्री करून, बाबांचा आवाज पुसला आम्ही.

कॉम्प्युटर लगेच बंद करून दुरुस्तीवाल्याकडे नेला आहे. तो म्हणतो बघतो, पण काकांच्या अँटिव्हायरसने मागाहून सगळी झाडलोट केली आहे, फार आशा धरू नका. काका बिचारे तोंड लपवून हिंडतायत. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू? ते आजही त्या रिकाम्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसले. लहानपणी मला वाटायचं, बाबा ओरडायचे थांबले की किती मज्जा. आग लागो त्या मज्जेला.

माझ्यावर रागाव, पण लिही.
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

रागावलो होतो. पहिलं पत्र लिहून फाडलं. चूक माझीसुद्धा आहे. काल पडल्या पडल्या बाबांचा आवाज आठवून बघितला, तर शब्द आठवले, आवाज येईना. घरचे सगळे व्हिडिओ आठवून बघितले. सगळ्यांत बाबा मान खाली घालून कापड कापतायत आणि मागे आपणच बोलतोय. बाबांना सांगून टाक. त्यांना कळलं असेलच म्हणा.

तुझा,
गुंड्या

११ मार्च

चि. गुंड्यास,
आशीर्वाद.

मला कापड बेतायला येतं, पत्र बेतायला नाही. तरी लिहितो, कारण तुझी ताई लिहिणार नाही. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. आवाज गेला. मला तिने सांगायच्या आधीच कळलं होतं. रडून आलेलं तोंड मला काय ओळखू येत नाही? वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, ऑपरेशनच्या वेळेपेक्षा जास्त वाटलं. तेव्हा निदान मागे काही ठेवून चाललो होतो.

पण ठमीने बोलणंच टाकलं. जेवायला वाढते, भांडी घासते, तोंडातून अक्षर नाही. घरात एक मुका पुरे. म्हणून परवा तिच्याबरोबर दुकानात जाऊन बसलो. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. माझं मशीन तिने पुसून ठेवलंय.

दुकान बंद करायची वेळ झाली. ती आतून मागचं दार लावत होती आणि टेबलावरचा तिचा फोन माझ्या आवाजात ओरडला, कडी बघितलीस का? ती विसरते म्हणून कधीतरी तिने फोन कॉम्प्युटरजवळ धरून ते वाक्य उतरवून घेतलं होतं आणि रोजच्या गजराला लावलं होतं. रोज ऐकून तिच्या कानाला ते लागतच नव्हतं. सवयीने आतून म्हणाली, बघितली हो बाबा! आणि मग तिथेच थांबली. बाहेर येऊन माझ्याकडे बघितलं आणि लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडली. मीही रडलो. आवाज नसला तरी ते जमतं.

एवढं एकच वाक्य उरलंय. तिने ते पेनड्राइव्हवर घालून सोबत पाठवलं आहे. एक तिच्याकडे, एक तुझ्याकडे. दुसरा हात तुझा. कॉम्प्युटर परत आलाय, त्यावर आता एकच अँटिव्हायरस आहे, आणि काकांना मी चहाला बोलावलं आहे. त्यांना टाकून बोलू नकोस.

त्या दिवशी तिचं रडणं आटपलं तेव्हा मी उठलो, मागे गेलो आणि कडी हलवून बघितली. लागली होती.

जपून राहा, घरावरची माया कमी होऊ देऊ नकोस.
बाबा