पत्रकातलं पहिलं ठिकाण

४ नोव्हेंबर, रविवार

आज पुन्हा तेच. दोन जीपा, नऊ पाहुणे, आणि व्ह्यू-पॉइंटच्या बाकावर आमा. लाल लंगोटी, डोक्यावर कोंबड्याच्या पिसांचा टोप, हातात भाला — फोटोसाठी. माझे वडील. सहा वर्षं तिथं बसतायत. मी इथं बनावे गावात गाईड होऊन दीड वर्ष झालं आणि दीड वर्षात एकदाही मी कुणाला सांगितलेलं नाही की हे माझे वडील!

एका डच बाईंना म्हाताऱ्याशी बोलायचं होतं. भाषांतर करायला मीच. म्हटलं, "आजोबा, पाहुण्या विचारतायत, कसे आहात?"

"वरच्या वाफ्याची भिंत गेली, गाईडबाई," आमा म्हणाले. "मागच्या वादळात. चार हात भगदाड पडलंय. सांग त्यांना."

मी बाईंना इंग्रजीत सांगितलं: तो म्हणतो, मी मजेत आहे, आमच्या डोंगरात तुमचं स्वागत.

मग दरीकडे हात करून माझं नेहमीचं पाठांतर. ही भातखाचरं, या दगडी भिंती, दोन हजार वर्षं बाप लेकरांच्या हाती देत आलाय वगैरे. हात जिकडे केला होता तिकडेच आमची भिंत आहे. भगदाड इथूनही दिसतं. पाहुण्यांनी त्याचाही फोटो काढला.

६ नोव्हेंबर

कुठून सुरू झालं ते एकदा लिहूनच टाकते.

नोकरीचा पहिला दिवस. आमच्या मालकीणबाई, कोरा मॅडम, मनिलाहून आलेल्या, सोबत होत्या. जीपमधून उतरते न उतरते तोच पाहुण्यांतल्या एका पोराने आमांचा मागून फोटो काढला. उघडी पाठ, उघडी मांडी. त्याच्यासोबतचे चौघे खो खो हसले. कोरा मॅडमही हसल्या आणि मला विचारलं, "ओळखतेस का गं याला?"

मी म्हणाले, "नाही मॅडम. वरच्या कुठल्या तरी गावचा असेल."

विचार न करता तोंडातून गेलं. विचार केला असता तरी कदाचित तेच गेलं असतं, हे त्याहून वाईट. बोलणं इंग्रजीत झालं होतं, आणि आमा शाळेची पायरी चढलेले नाहीत — एवढाच काय तो आधार.

त्या संध्याकाळी घरी गेले तर त्यांनी माझ्यासाठी रताळी भाजून ठेवली होती. काही विचारलं नाही. पुढच्याच महिन्यात ऑफिसच्या वरची खोली घेतली. कामाला जवळ पडतं, असं सांगून. या पावसाळ्यापासून तर घरी गेलेलेच नाही. आता आमांना माझ्याशी बोलायचं तर कुणा परक्याने आधी काही विचारावं लागतं.

९ नोव्हेंबर

पाऊस. पाहुणे नाहीत. बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

१३ नोव्हेंबर

एक जपानी विद्यार्थी, वही घेऊन आलेला. विचारा म्हणे, यांची शेती किती, पुढे कोण करणार.

आमांनी सुपारी गालात सारली. माझ्याकडे न बघता, सावकाश, तोलून बोलले. "दोन वाफे आहेत. थोरल्या लेकराला जायचे, आमच्यात रीतच आहे. माझं थोरलं-धाकटं एकच. लावणीआधी भिंत उभी राहिली नाही तर वरचं पाणी पुतण्याचा वाफा घेऊन जाईल. पुतण्या म्हणतो, मला देऊन टाका, मी बांधतो. रास्तच बोलतो तो. पण जिची आहे तिला आधी विचारायला नको? विचार बरं, तिला पाहिजे का नको."

मी ऐकलं. सगळं ऐकलं. आणि विद्यार्थ्याला सांगितलं: तो भात पिकवतो. समाधानी आहे.

त्याने वहीत लिहून घेतलं, समाधानी. आमा त्या वहीकडे बघत राहिले. मग तोंड फिरवून पिंक टाकली आणि हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं!

पुतण्या म्हणजे विगान, माझा चुलतभाऊ. मेहनती आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण वाफा एकदा त्याच्याकडे गेला की गेला. मग मी इथली कोण? पाहुण्यांसारखीच, बघून जाणारी. मला तो वाफा हवाय. आईच्या हाताखाली मी तिथंच लावणी शिकले. नुसतं "हवाय" एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर विद्यार्थ्याने विचारलं असतं, तुला का?

१७ नोव्हेंबर

कोरा मॅडमनी नवीन पत्रक लिहायला दिलंय. "बनावेत काय पाहाल." धबधबा, म्युझियम, बातादची गोल खाचरं, गरम पाण्याचं कुंड, सगळं चटाचटा लिहून झालं. पहिलं ठिकाण व्ह्यू-पॉइंट. त्यावर मॅडमनी आमांचाच फोटो निवडलाय, अर्धं पान.

म्हणाल्या, खाली नाव टाक त्याचं, लोकांना आवडतं.

मी म्हटलं, विचारून सांगते.

बापाचं नाव विचारून सांगते! शेवटी "एक स्थानिक वृद्ध" असं टाइप केलं. या हातांनी. मॅडमना फार आवडलं.

२२ नोव्हेंबर

पत्रकं छापून आली. पाहुण्यांना वाटताना एक आमांनाही दिलं, तिथं फोटोसाठी बसणाऱ्या इतर म्हाताऱ्यांना दिलं तसंच. त्यांनी फोटो बघितला, अंगठ्याने पुसला.

"खाली माझं नाव लिहिलंय का?"

"लिहिलंय," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले. घडी घालून टोपाच्या आत खोचलं.

आता यापुढे काय उरलं लाज वाटायचं?

२४ नोव्हेंबर

आज एका पाहुण्याने विचारलं, म्हाताऱ्याला काही सांगायचंय का. आमांनी नुसती मान हलवली. काही नाही म्हणे. भिंत नाही, वाफा नाही. मी दोनदा विचारलं तरी नाही.



२५ नोव्हेंबर

ठरलं. उद्या सांगणार. सगळ्यांसमोर, इंग्रजीत, नावासकट. आणि त्यांना आमच्या बोलीत सांगणार — आमा, वाफा मला पाहिजे, मी भिंतीला दगड वाहायला येते. मॅडम काय म्हणायचं ते म्हणोत. आरशासमोर चार वेळा म्हणून बघितलं. पाचव्या वेळी रडू आलं, पण म्हणता आलं.

२६ नोव्हेंबर

जीपमधून उतरतानाच दिसलं. पलीकडे आमच्या भगदाडात विगान दगड बसवत होता.

तरी सांगितलं. पाहुण्यांकडे वळून मी इंग्रजीत म्हणाले, "हे बांतियान. हे माझे वडील आहेत."

एक ऑस्ट्रेलियन बाई चकितच झाल्या. आमांकडे वळून म्हणाल्या, "खरंच? ही तुमची मुलगी?"

भाषांतरासाठी मी तोंड उघडलं. आमांनी हात वर करून मला थांबवलं. मग स्वतःच बोलले, बाईंशी, स्वच्छ इंग्रजीत:

"नाही मॅडम. वरच्या कुठल्या तरी गावची असेल."